बॉम्बर कोण उडवणार?

२२ जून १९४१च्या पहाटे जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला चढवला आणि त्या एका दिवसात सोव्हिएत हवाई दलाची सुमारे १२०० विमानं गेली. त्यातली बरीचशी तर तळावर शिस्तीत ओळीने उभी असतानाच गेली. हा प्रसंग शनिवारी रात्री इंटरनेटवर हुबेहूब उभा करायचा म्हटलं, तर जर्मनांच्या बाजूने खेळायला तासाभरात माणसं गोळा होतात. सोव्हिएत बाजूला कोण बसणार? ज्याने आठवडाभर साहेबाची बोलणी खाल्ली, घरात हाता-पाया पडून दोन तासांची रजा मंजूर करून घेतली आणि मुलांना आजीच्या खोलीत पिटाळलं, तो माणूस इंजिन सुरू व्हायच्या आत जळून खाक व्हायला संगणकापुढे बसत नाही.

ऑनलाइन हवाई युद्धाची मिशनं रचणाऱ्याची गोची इथूनच सुरू होते. मिशन खरं वाटलं पाहिजे आणि ते न्याय्यही असलं पाहिजे, अशा दोन मागण्या त्याच्यापुढे एकाच दमात ठेवल्या जातात. आता, खऱ्या युद्धातल्या सेनापतींनी आयुष्यभर धडपड केली ती लढाई न्याय्य होऊ नये म्हणून. ऑस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ साली हवाई लढाईचे आठ नियम लिहून काढले. त्यातला पहिलाच नियम असा, की हल्ल्याआधी सगळं पारडं आपल्या बाजूला झुकवून घ्या आणि जमलं तर सूर्य पाठीशी ठेवा. म्हणजे समोरच्याचे डोळे दिपलेले असताना त्याला गाठा. याला तिकडे युद्धशास्त्र म्हणतात. शनिवारी रात्री कुणी हेच केलं की हेडफोनमध्ये बोंब उठते, ‘उन्हातून आला! हा काय खेळ झाला?’ बोल्के स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला. शत्रूच्या गोळीने नव्हे, ऐन धुमश्चक्रीत आपल्याच तुकडीतल्या विमानाशी टक्कर होऊन. हा भाग मात्र ऑनलाइन खेळाडू दर आठवड्याला कमालीच्या निष्ठेने जिवंत करतात.

हा छंद वाटतो तितका नवा नाही. ‘एअर वॉरियर’ नावाचा खेळ १९८०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत टेलिफोनच्या तारांवरून चालायचा आणि त्याचे पैसे तासांच्या हिशेबाने मोजावे लागायचे. विमानांची चित्रं म्हणजे चार रेघा. तरी लोक जागायचे, आणि महिनाअखेरीला बिल आल्यावर घरात जे युद्ध व्हायचं त्यात खरेपणाची अजिबात उणीव नसे. पुढे १९९८मध्ये ‘फाल्कन ४.०’ आला. त्याची माहितीपुस्तिका एवढी जाडजूड होती की ती उशाला घेता आली असती. २००१मध्ये रशियातून ‘इल-२ स्टर्मोविक’ आला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेडाने झपाटलेल्या जगभरच्या माणसांना एक आकाश मिळालं. आता ‘डीसीएस’सारख्या खेळात ए-१० विमानाचं नुसतं इंजिन चालू करायला आणि दिशादर्शक यंत्रणा जुळायला कित्येक मिनिटं लागतात. तेवढा वेळ वीस प्रौढ माणसं आपापल्या घरी एका काल्पनिक विमानातलं काल्पनिक यंत्र गरम होण्याची वाट बघत गप्प बसलेली असतात. यात गंमत काय, असं कुणी विचारू नये. त्यांना विचारलं तरी सांगता येत नाही.

खरेपणा किती ठेवायचा, हा पहिला तंटा. ‘इल-२’मध्ये त्यासाठी कळींची आख्खी यादीच आहे. इंजिन तापावं की नाही, गोळ्या संपाव्यात की नाही, जोराने वळल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यावी की नाही, विमान बाहेरून बघता यावं की नाही, दूरच्या विमानावर त्याच्या नावाची आणि अंतराची पाटी तरंगावी की नाही. यातली प्रत्येक कळ चालू-बंद करता येते आणि प्रत्येक कळीपायी एकेक मैत्री तुटलेली आहे. कडवे लोक म्हणतात, सगळं चालू ठेवा, पाट्या बंद करा. १९४० साली आकाशात पाट्या नव्हत्या. हे खरंच आहे. पण १९४० सालच्या वैमानिकाला मान होती, दोन चांगले डोळे होते आणि त्याचं आकाश टेबलावरच्या चौकटीएवढं नव्हतं. त्याच्यावर उपाय म्हणून मानेच्या हालचाली टिपणारं यंत्र निघालं. टोपीला चकाकणारे ठिपके लावायचे, समोरचा कॅमेरा ते बघतो, आणि डोकं जरासं वळवलं की पडद्यावरचं दृश्य गर्रकन वळतं. घरच्यांना दिसतं ते असं: रात्री अकरा वाजता बंद खोलीत एक गृहस्थ टोपी घालून बसले आहेत, मान डावीकडे वळली आहे, बुबुळं मात्र उजव्या कोपऱ्यात पडद्याला चिकटली आहेत, आणि तोंडाने ‘मागे बघ, मागे बघ’ चाललं आहे. मागे कुणीच नसतं. असलीच तर बायको असते.

आणि इतकं करून खरेपणाचा पोपट भलतीकडेच होतो. ‘इल-२’च्या जुन्या आवृत्त्यांत दूरचं विमान म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. पडद्याची स्पष्टता जितकी कमी, तितका ठिपका मोठा. म्हणजे ज्याने हजारो रुपये ओतून झकपक पडदा घेतला त्याला शत्रू दिसत नाही, आणि ज्याच्याकडे कुणीतरी टाकून दिलेला जुनापुराणा मॉनिटर आहे तो दूरवरून विमानं टिपतो. मग श्रीमंत लोकही आपल्या झकपक पडद्याची स्पष्टता उतरवून खेळायला लागतात. खऱ्याखुऱ्या युद्धाचा अनुभव घेण्यासाठी मुद्दाम चित्र बिघडवून घेणारी ही एकमेव जमात असावी.

इंधनाचंही तेच. इंग्लंडवर आलेल्या जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाकडे लंडनच्या आकाशात लढायला दहाएक मिनिटांपुरतं इंधन उरायचं. नंतर मुकाट घरी जायचं, नाहीतर समुद्रात. या एका गोष्टीवर १९४०ची सगळी हवाई लढाई हेलकावे खात होती. ऑनलाइन खेळाडू काय करतो? तळ जवळच असतो म्हणून टाकी पाव भरतो. विमान हलकं होतं, पाखरासारखं वळतं. आयोजकाने टाकी पूर्ण भरण्याची सक्ती केली की तो खलनायक ठरतो. गोळ्यांचंही तसंच. तेव्हाच्या ब्रिटिश स्पिटफायरच्या आठ मशीनगनमध्ये प्रत्येकी तीनशे गोळ्या मावत. चाप दाबून धरला तर पंधराएक सेकंदांत खेळ खलास. नवा खेळाडू हे पंधरा सेकंद पहिल्याच ढगावर खर्च करतो आणि उरलेला पाऊण तास रेडिओवर इतरांना सल्ले देतो.

सगळ्यात नाजूक काम विमानं वाटण्याचं. लग्नात मानपान सांभाळताना मुलीच्या काकाची जी अवस्था होते तीच इथे आयोजकाची होते: कुणाला कुठलं पान वाढलं यावर पुढची दहा वर्षं ठरतात. प्रत्येकाला स्पिटफायर हवं असतं, मस्टँग हवं असतं. १९४५च्या मिशनमध्ये तर निम्म्या लोकांना मेसरश्मिट २६२ हवं असतं, कारण ते जेट. एवढी जेट होती कुठे, ती उडवायला इंधन आणि वैमानिक होते कुठे, त्यांच्या इंजिनांचं आयुष्य पंचवीस तासांच्याही आत कसं संपायचं, हे सगळं आयोजक समजावतो. ऐकणारा सगळं ऐकतो, आणि शेवटी विचारतो, ‘मग मला एक मिळेल ना?’ बॉम्बर मात्र कुणालाच नको असतो. तो हळू जातो, सरळ जातो, वळत नाही, आणि नेम साधायचा तर उंची, वेग, वारा यांचं गणित करावं लागतं. पाऊण तास गुणगुणत लक्ष्यापर्यंत जायचं, शेवटच्या तीन मिनिटांत आपल्यावर सहा जण तुटून पडणार हे ठाऊक असूनही सरळ रेषेत उडायचं, आणि चुकून परत आलोच तर ऐकायचं की बॉम्ब पुलाऐवजी गुरांच्या गोठ्यावर पडले. पण खरी गोम अशी, की बॉम्बर नसेल तर बाकीच्यांना आकाशात कामच नाही. लढाऊ विमानं जन्माला आली ती कुणाचा तरी बॉम्बर पाडायला किंवा वाचवायला. तो नसला की उरते ती नुसती गोल गोल पळापळ.

म्हणून बॉम्बर उडवायला राजी होणारा माणूस म्हणजे आयोजकाच्या दृष्टीने सोन्याची कोंबडी. असे दोन-तीन जण प्रत्येक गटात असतात. बहुधा वयाने मोठे, बोलायला कमी, चहाचा थर्मास जवळ घेऊन बसणारे. गोळाबेरजेत त्यांचं नाव कधी वर येत नाही. त्यांच्यासाठी आयोजक नियम वाकवतो, वेळ बदलतो, दिवाळीला त्यांना आठवणीने शुभेच्छा पाठवतो.

मिशन प्रत्यक्ष सुरू होतं तो क्षण जवळून बघण्यासारखा असतो. चाळीस मिनिटांचं ब्रीफिंग झालेलं आहे. नकाशे वाटले आहेत, रेडिओच्या वाहिन्या ठरल्या आहेत, कुणाचं टोपणनाव काय, दुसऱ्या टेकडीवरून कुठे वळायचं, सगळं तीनदा सांगून झालेलं आहे. ‘इल-२’च्या सहकारी मिशनमध्ये विमानं धावपट्टीवर एकामागे एक उभी असतात. पहिल्या विमानाचा चालक म्हणजे तुकडीचा म्होरक्या, आणि नेमका तोच पाणी प्यायला उठलेला आहे. मागे अकरा विमानं पंखे फिरवत खोळंबली आहेत. ‘पुढे कोण आहे? हलव रे!’ कुणीतरी बगल देऊन गवतावरून जायला बघतो, चाक अडकतं, विमान नाकावर उभं राहतं. मेसरश्मिट १०९ची चाकं एकमेकांच्या अगदी जवळ. खऱ्या युद्धातही कितीतरी १०९ उडताना-उतरताना लोळली आणि त्यात वैमानिक गेले. त्यामुळे इथे इतिहासाला धरूनच चाललेलं असतं. तेवढ्यात म्होरक्या परत येतो, ‘आय’ची कळ दाबतो, इंजिन सुरू होतं, ते सुरू झालंच नाही असं समजून तो पुन्हा दाबतो, ते बंद होतं. मागच्याला वाटतं गाडी निघाली. तो पूर्ण जोर देतो. पुढच्या चार सेकंदांत अकरापैकी पाच विमानं एकमेकांत घुसतात. शत्रू अजून दीडशे किलोमीटरवर आहे आणि त्याला आपण जिंकत आहोत याची कल्पना नाही.

बाकीचे सहा मात्र उडतात, आणि ते पुढची दोन वर्षं सांगत राहतात की आम्ही सहाच होतो.

लांब पल्ल्याची मिशनं कुणाला झेपत नाहीत. इंग्लंडहून बर्लिनला जाऊन येणाऱ्या मस्टँगमधल्या माणसाने सहा-सात तास त्या खुर्चीत काढलेले असत. शनिवारी रात्री ते शक्य नाही; मधे जेवण आहे, सोमवारी ऑफिस आहे. म्हणून डोव्हरच्या समुद्रधुनीवर एवढी गर्दी. ती जेमतेम ३३-३४ किलोमीटर रुंद आहे, तेव्हा उड्डाण, लढाई आणि मरण सगळं दीड तासात उरकतं. १९४०च्या त्या लढाईची लोकप्रियता फक्त चर्चिलच्या भाषणांमुळे टिकली, असं इतिहासकारांना वाटत असेल. खेळाडूंच्या जगात तिचं श्रेय भूगोलाला आहे.

भूगोल भारतातल्या खेळाडूला मात्र पावत नाही. लंडनमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात त्यांच्या उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड झालेला असतो. युरोपियन गटात शिरलेला पुणेकर ब्रीफिंगला कुजबुजत बोलतो, कारण पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असते. त्याच गटातला न्यू जर्सीचा मराठी माणूस दुपारी तीनला बसतो, म्हणजे ऐन मराठी मंडळाच्या कार्यक्रमाच्या वेळी, आणि त्याच्या मायक्रोफोनमधून मित्रराष्ट्रांच्या सगळ्या वैमानिकांना स्वागतगीताची तालीम ऐकू येते. शिवाय पुण्याहून युरोपातल्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला शंभर-दीडशे मिलिसेकंद लागतात. ताशी ६०० किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्यात पंचवीस मीटर सरकतं, म्हणजे मेसरश्मिट १०९ची जवळजवळ तीन लांब्या. पुणेकर जिथे गोळ्या झाडतो तिथे शत्रू नसतो, आणि शत्रू जिथे झाडतो तिथे पुणेकर नसतो. दोघेही सच्चे असतात, दोघांनाही अन्याय झाल्यासारखं वाटतं. हे कारण इतकं सोयीचं आहे की शेजारच्या शहरातून खेळणाराही हरला की लॅगचं, म्हणजे या विलंबाचं, नाव घेतो. अंगण वाकडं असायला हरकत नाही. काही जणांचं ते दर शनिवारी वाकडंच निघतं.

आता न्याय. पहिला आणि भाबडा मार्ग असा, की दोन्हीकडे सारखी विमानं, सारखी माणसं, सारखी उंची. असं मिशन उभं करून बघावं. दहा मिनिटांत सगळे समुद्रसपाटीला एका गोलात फिरत असतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात. दुसरा मार्ग इतिहासाला शरण जाण्याचा, आणि इतिहास भयंकर असतो. मिडवेच्या लढाईत ४ जून १९४२ला ‘हॉर्नेट’ या अमेरिकन विमानवाहू जहाजावरून टॉर्पेडो स्क्वॉड्रन आठची १५ डेव्हॅस्टेटर विमानं निघाली. सोबत संरक्षणाला लढाऊ विमानं नव्हती. पंधराच्या पंधरा पाडली गेली, त्यांतल्या तीस जणांपैकी एकटा एन्साइन जॉर्ज गे वाचला, आणि एकही टॉर्पेडो लागला नाही. हे मिशन जसंच्या तसं लावलं आणि नाव नोंदवायला सांगितलं, तर जपानी झिरो विमानांच्या जागा पहिल्या मिनिटात भरतील. डेव्हॅस्टेटरसाठी एखादा निराश कवी यायचा.

पण मुरलेला आयोजक त्या सकाळचा पुढचा तासही बघतो. टॉर्पेडोवाल्यांना हाणून पाडण्यात जपानी विमानं खाली समुद्रालगत गुंतली, आणि त्यानंतर वरून आलेल्या अमेरिकन डाइव्ह-बॉम्बर विमानांनी काही मिनिटांत ‘आकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ ही तीन विमानवाहू जहाजं पेटवली, असं या लढाईच्या वर्णनांत वारंवार येतं. मग आयोजक गुणांची पद्धत अशी लावतो: ठरल्या मिनिटाला जितकी झिरो विमानं पाचशे मीटरच्या खाली असतील तितके गुण टॉर्पेडोवाल्यांना. विमानं तीच, गोळ्या त्याच, मरणं तेच. पण आता डेव्हॅस्टेटरमधला माणूस मरताना हेडफोनमध्ये ‘सात जण आलेत मागे, सात!’ असं आनंदाने ओरडतो, आणि झिरोतला माणूस शिकार सोडून वर जावं की नाही या विवंचनेत पडतो. पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना घाम फुटतो. ऑनलाइन मिशनमधला न्याय बऱ्याचदा असा गुणांच्या तक्त्यात दडलेला असतो. विमानांची ताकद तोलून तो सापडत नाही. दुबळ्याला बळ द्यायचं नसतं, त्याला काम द्यायचं असतं. एवढं कळलेला आयोजक रविवारी पहाटेपर्यंत संगणकावर ट्रक, गोदामं आणि पूल मांडत बसतो, आणि पुलांच्या किमती ठरवताना महापालिकेच्या अंदाजपत्रकाइतकी घासाघीस स्वतःशीच करतो.

जीव किती द्यायचे, हाही प्रश्न असतो. मेलं की पुन्हा नवं विमान मिळत असेल तर कुणी मरणाला घाबरत नाही. लोक समोरासमोर टकरा मारतात, जळतं विमान जहाजावर नेऊन घालतात, आणि तळावर घिरट्या घालत उडणाऱ्यांची शिकार करतात. ‘एसेस हाय’ या खेळातल्या शुक्रवारच्या मोहिमांत म्हणून एका रात्रीला एकच जीव असतो. त्याने माणसं एकदम शहाणी होतात. इतकी, की दोन्ही बाजू सात हजार मीटरवर समोरासमोर घुटमळत राहतात आणि ‘तू आधी ये’ असं चालतं. मग हल्ला अमुक वेळेच्या आत केलाच पाहिजे असा नियम करावा लागतो. शूरांना आवरण्यासाठी एक नियम आणि त्यामुळे शहाण्या झालेल्यांना ढकलण्यासाठी दुसरा.

मिशन संपल्यावर खरी लढाई सुरू होते: कुणी किती पाडली. सर्व्हरने सगळं टिपून ठेवलेलं असतं आणि तिथेच मजा जाते. १५ सप्टेंबर १९४०ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं; खरा आकडा साठच्या आसपास निघाला. खोटं कुणी बोललं नव्हतं. एकच जळतं विमान चौघांनी पाहिलं आणि चौघांनी आपलं म्हणून लिहिलं. त्या पिढीला हा आनंद मनसोक्त मिळाला. आजच्या खेळाडूला सर्व्हर रात्री सव्वाबाराला सांगतो की तुझी दोन नाहीत, अर्धं आहे, आणि ते अर्धंही आपल्याच बाजूचं होतं.

हे सगळं पोरकटपणा म्हणून झटकून टाकावं, तर खऱ्या हवाई दलांचं काय वेगळं आहे? २००४मध्ये ग्वाल्हेरला भारत आणि अमेरिकेचा ‘कोप इंडिया’ सराव झाला. सुखोई, मिराज, मिग घेऊन उतरलेल्या भारतीय वैमानिकांनी अमेरिकेच्या एफ-१५ विमानांना चांगलंच सतावलं. लगेच खुलासे आले: आमची संख्या कमी ठेवली होती, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंधन होतं, नियमच तसे होते. २०१५ साली ब्रिटनमध्ये ‘इंद्रधनुष’ सराव झाला. सुखोईने टायफूनला १२-० असं हरवल्याच्या बातम्या इकडे झळकल्या, आणि तिकडच्या हवाई दलाकडून त्या हसण्यावारी नेल्या गेल्या. शनिवारच्या हेडफोनमध्ये जे चालतं ते आणि हे यात फरक फक्त विमानांच्या किमतीचा. ऑगस्ट २०२०मध्ये तर अमेरिकेच्या डार्पा या संस्थेने संगणकी द्वंद्व लावलं. हेरॉन सिस्टिम्स या कंपनीच्या प्रणालीने एफ-१६ उडवणाऱ्या सेवेतल्या वैमानिकाला ५-० असं धुतलं. पाठोपाठ वाद सुरू झाला की यंत्र समोरून अगदी अंगावर येऊन गोळ्या झाडत होतं. सरावात टकरीच्या भीतीने असं करायला बंदी असते. शिवाय शत्रू नेमका कुठे आहे हे त्याला बिनचूक कळत होतं. थोडक्यात, यंत्र नियम मोडून जिंकलं, अशी तक्रार. ऑनलाइन खेळाडूंना हे वाचून भरून आलं असणार.

खरेपणाचा हट्ट कुठवर जातो याचा कळस ‘वॉर थंडर’ या खेळात झाला. २०२१ साली ब्रिटनचा चॅलेंजर-२ रणगाडा खेळात चुकीचा दाखवलाय हे सिद्ध करायला एका खेळाडूने त्याच्या गोपनीय पुस्तिकेतला मजकूर जाहीर चर्चेत टाकला. कंपनीने तो घाईघाईने उतरवला. पुढेही तिथे निरनिराळ्या देशांच्या शस्त्रांची अशीच कागदपत्रं येत राहिली. हेरांनी वर्षानुवर्षं मेहनत करून जे मिळवायचं ते वादात शेवटचा शब्द आपला असावा म्हणून माणसं फुकट देतात.

बॉम्बरला माणसं मिळत नाहीत, तेव्हा आयोजक शेवटी यंत्राकडे वळतो. संगणकाने चालवलेले बॉम्बर तक्रार करत नाहीत, वेळेवर येतात, सरळ उडतात. पण ‘इल-२’मधले यांत्रिक तोफची भलतेच नेमबाज. सहाशे मीटरवरून पहिल्या फैरीत ते पाठलाग करणाऱ्याचं इंजिन फोडतात. लगेच अर्ज येतो: हे खरं नाही, यांचं कौशल्य उतरवा. आयोजक ते ‘एस’ या निष्णात पातळीवरून ‘रुकी’ या नवशिक्या पातळीवर आणतो. पुढच्या आठवड्यात चोवीस बॉम्बर पंधरा मिनिटांत संपतात आणि त्यांच्या संरक्षणाला असलेल्या बाजूचा अर्ज येतो: आम्ही पोचायच्या आधीच सगळे मेले, मग आम्ही कशाचं रक्षण करायचं? आयोजक निम्मे ‘रुकी’, निम्मे ‘व्हेटरन’ करतो आणि कुठले कोणते ते कुणाला सांगत नाही. त्या शनिवारी दोन्ही बाजूंची एकही तक्रार येत नाही. आयोजकाला संशय येतो, तो सर्व्हरची नोंद उघडून बघतो, तर मुंबईतल्या कुणाची वीज गेली म्हणून अर्धा गट लढाई सोडून त्याला फोनवरून इन्व्हर्टरची बॅटरी तपासायला शिकवत होता.

पुढच्या मिशनची सूचना तो तरीही रविवारीच काढतो. साल १९४०, ठिकाण इंग्लिश खाडी, विमानं फक्त त्या काळची, असं ठळक अक्षरांत. खाली नावनोंदणीचा तक्ता. हाइंकेल बॉम्बरच्या आठही जागा मोकळ्या आहेत, आणि पहिलाच प्रश्न येऊन पडलेला आहे: ‘२६२ आहे का?’